उजवं वल्हं

फार वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या बोट क्लबात वल्ह्यांची एक जोडी होती. एका शर्यतीत डावं वल्हं मोडलं. क्लबच्या होड्या-वल्ही सांभाळणाऱ्या मामांनी उजव्याला नवं, हलकं वल्हं जोडीला दिलं आणि दोघांना शिकाऊ मुलांच्या होडीवर लावलं.

उजवं पूर्वीच्याच जोराने पाणी ओढायचं. होडी जागच्या जागी गोल फिरायची.

"काय रे, किती घिरट्या घालायच्या?" होडी वैतागली. "असंच चाललं तर मामा तुम्हा दोघांना अडगळीत टाकतील."

"हे नवं पोर कमी पडतं. माझं डावं असं नव्हतं."

"नव्हतंच. पण ते आता नाही रे."

उजवं थोडा वेळ पाण्याबाहेरच थांबलं. मग नव्या वल्ह्याला म्हणालं, "आधी तू ओढ. तुझा जोर मला कळू दे."

होडी सावकाश, पण सरळ निघाली.