दोनपाशी तुटलेली रेघ

"नाही कशाला म्हणता, सर? लिमिट आणि कंटिन्युटी, दोनच धडे. तुम्ही फक्त यायचं."

बिराजदार सर ओसरीवर पाटी मांडीवर घेऊन बसले होते. समोर व्यंकट होनराव. बारावीचं गणित तो सरांकडेच शिकला. आता त्याच्या क्लासमध्ये अकराशे पोरं होती आणि चौकाचौकात त्याचे फ्लेक्स.

"आज बरी आठवण झाली?"

"परीक्षेला बावीस दिवस राहिलेत. पोरं घाबरलीत. पालक पोरांची नावं काढून घ्यायला लागलेत. फळ्यापुढं तुम्ही दिसलात की सगळे बसतील."

पोरं कशानं घाबरली, ते सरांना ठाऊक होतं. रविवारच्या टेस्टनंतर क्लासमधल्या शिवकन्या मुसळेला हुशार पोरांच्या 'ए' बॅचमधून शेवटच्या 'डी'मध्ये टाकलं. यादी दारावर लावली. सोमवारी तिनं जीव दिला.

पोलिसांनी कारण लिहिलं, अभ्यासाचा ताण. ताणावर गुन्हा दाखल होत नाही. पेपरात सहा ओळी आल्या. त्याखाली अर्धं पान क्लासची जाहिरात.

"तिच्या जागेवर कोण बसतं?"

"वेटिंगवरची एक होती. दुसऱ्याच दिवशी बसवली. बेंच मोकळा दिसला की पोरं बिथरतात, सर."



सरांनी पाटीवर लिहिलं. एक्सचा वर्ग वजा चार, भागिले एक्स वजा दोन.

"दोनपाशी काय होतं?"

"आता माझीच टेस्ट?" व्यंकट हसला. "लिमिट चार. तोंडी."

"नीट सांग."

"डावीकडून या नाहीतर उजवीकडून, उत्तर चारकडेच जातं. पण खुद्द दोनवर शून्य भागिले शून्य. तिथं काही नाही."

सरांनी तिरकी रेघ ओढली. दोनच्या वर एक बारीक पोकळ गोल सोडला.

"मग ही कंटिन्युअस? अखंड?"

"नाही. पण करता येते. तिथली किंमत आपणच चार धरायची. माझी पोरं पाच सेकंदांत करतात."

त्यानं सरांच्या हातातली पेन्सिल घेतली आणि गोल भरून टाकला.

"बघा. कुठं तुटली होती, ओळखू येतं का?"

व्यंकटनं पेन्सिल सरांपुढं ठेवली.

"मग येताय ना, सर? सोमवारचं टाइमटेबल लावतो."

"येतो."

व्यंकट पाया पडायला वाकला. तो उठेपर्यंत सरांनी ठिपका बोटानं पुसला, तिथं पुन्हा पोकळ गोल काढला आणि पाटी त्याच्या हातात दिली.

"आधी शिवकन्येच्या आईकडे जा. तिच्यासमोर बसून हा गोल भरून दाखव."