पेटीवर बसलेले सरपंच

कोरियात शिकून परतलेल्या शलाकाला वाटलं होतं, वाचनालय काढायचं म्हटल्यावर गाव हार घेऊन येईल. प्रत्यक्षात सरपंच बापूसाहेब आले आणि पुस्तकांनी भरलेल्या तिच्या पेटीवर मांडी घालून बसले.

पेटी जुनी कोरियन होती, जाड लाकडाची, काळ्या लोखंडी फुलपाखरांनी मढवलेली. चावडीतली रिकामी खोली वाचनालयाला मिळणार की सरपंचांच्या कॅरमला, हे आज ठरायचं होतं.

"पोरी, एवढी शिकलीस ना?" बापूसाहेब म्हणाले. "मला न उठवता ह्यातलं एक पुस्तक काढून दाखव. खोली तुझी!"

जमलेले लोक हसले. बापूसाहेबांना उठवणं निवडणुकीतही कुणाला जमलं नव्हतं.

शलाकाने पेटीसमोर बसून कुलूप काढलं. फुलपाखरं म्हणजे बिजागऱ्या निघाल्या! पुढची अर्धी फळी झडपेसारखी खाली उघडली. पुस्तक बाहेर आलं, बापूसाहेब जागच्या जागी.

"ही फसवणूक आहे!"

"नाही हो, काका. तिकडे अशा पेटीवर गाद्या रचतात. त्या जड असतात, आपणहून उठत नाहीत. म्हणून दार पुढून करतात."

"बापू, बसा निवांत!" गर्दीतून हौसाकाकू ओरडली. "आमचं काही अडत नाही!"

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली झाडताना शलाकाने ठरवलं, वाचनालयाचे अध्यक्ष बापूसाहेबच. पेटीवर मऊ गादी घालायची, त्यांना मानाने बसवायचं आणि पुस्तकं खालून काढत राहायची.