सगुणाईनं मोडलेला अध्याय

करंजघळीच्या घाटाला सडक नव्हती, गाडी वर चढत नव्हती, माणसं पायांनीच देश-कोकण एक करत होती, तेव्हाची ही गोष्ट. किती वर्षं झाली ते विचारू नका. ज्यानं मोजायला घेतली तो मोजता मोजता म्हातारा झाला, असं म्हणतात.

घाटाच्या पायथ्याला सगुणाईची पाणपोई होती. नवरा तरुणपणीच गेला, पोरबाळ नाही. वाळ्याचं पाणी, गुळाचा खडा आणि जांभळीची सावली, एवढाच तिचा संसार. एकदा एक पंतोजी तापानं फणफणून तिथं पडले. तिनं त्यांना औषधपाणी करून उठतं केलं, आणि त्यांनी जाण्याआधी चुलीची राख पसरून तिला अक्षरं शिकवली. झालं! बाईला वाचायचं वेड लागलं ते लागलंच. तिनं वाटसरूंना सांगून टाकलं, पाण्याला मोल नाही, पण परत याल तेव्हा एक पुस्तक आणा. आणि लोक आणायचे हो. वैद्यानं औषधांचं आणलं, तांडेलानं दर्यावरच्या सफरींचं, शिपायानं लढायांचं, कुणी ताऱ्यांचं, कुणी मधमाश्यांचं. एका अत्तरवाल्यानं तर विषप्रयोगाची कादंबरी आणून दिली. सगुणाईनं कशालाच नाक मुरडलं नाही.

आता तिची रीत ऐका. देवळात पोथी लावतात ना, तसं ती कुठलंही पुस्तक लावायची. पाटावर ठेवायची, हळदकुंकू वाहायची, वाचून संपलं की नारळ फोडायची. लढायांना नारळ, मधमाश्यांना नारळ, मूळव्याधीच्या औषधालासुद्धा नारळ! आणि पोथीचा नियम तोच इथं: अध्याय संपल्याशिवाय कुणी उठायचं नाही, डोळा मिटायचा नाही. मिटला तर घरात अवदसा शिरते, अशी गावाची समजूत. दुपार कलली की सारा गाव कामं उरकून जांभळीखाली जमायचा. पाण्यावर आलेला वाघही अध्याय संपेपर्यंत करवंदीच्या जाळीत बसून राहायचा, असं म्हणतात. खरं-खोटं वाघ जाणे.

गावचे राणोजी पाटील मात्र यायचे नाहीत. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण देवळातली एकच पोथी ऐकून ऐकून तोंडपाठ झाली होती, आणि माणसाला तेवढं पुरे असं त्यांचं ठाम मत होतं. सगुणाईनं विषप्रयोगाच्या कादंबरीला पाटावर बसवून कुंकू वाहिलं, हे कानावर आलं मात्र, ते तरातरा पाणपोईवर आले.

"सगुणे, एक ना धड भाराभर चिंध्या," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "एक पोथी धर आणि बाकीचं सगळं चुलीत घाल. नाहीतर ही जागा सोड."

"चिंध्यांचीच वाकळ होते, पाटील," सगुणाई म्हणाली. "थंडीत पितांबर कुणी पांघरत नाही."

लोक गालातल्या गालात हसले, त्यानं पाटील जास्तच भडकले. उद्या दिवस मावळायच्या आत पाणपोई रिकामी कर, असं बजावून गेले. सगुणाई बोलायला खमकी, पण पुस्तकं बांधायला बसली तेव्हा तिला रडू आवरेना. जायचं कुठं? ना माहेर उरलं होतं, ना सासर. जे काही होतं ते त्या गाठोड्यात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील, धोंडू गुरव आणि भिवा लोहार असे तिघं वरच्या घळीत गेले. जत्रा तोंडावर आली होती, देवाची जागा झाडायची होती. आणि दरड सुटली. हत्तीएवढी धोंड घळीच्या तोंडावर येऊन बसली. हाताचा पंजा जाईल एवढी फट तेवढी उरली. माणसं आत जिवंत होती, पण त्या घळीत पाझराचं पाणी आणि गारठा असा, की तिथं ज्याचा डोळा लागला तो पुन्हा उठत नाही, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. गडी पहारी घेऊन धोंडीला भिडले. बाकीचे फटीतून हाका मारत राहिले. पण नुसत्या हाकेवर माणूस किती वेळ जागा राहणार? भिवाचा आवाज जड यायला लागला. धोंडू तर ओ देईना. पाटलीणबाई कपाळाला हात लावून खालीच बसल्या.

तेवढ्यात सगुणाई आली. डोक्यावर गाठोडं होतं, ती गाव सोडूनच निघाली होती. तिनं गाठोडं फटीपाशी सोडलं, वरचं पुस्तक कपाळाला लावलं आणि आत तोंड करून म्हणाली, "पोथी लावलीय. अध्याय संपल्याशिवाय डोळा मिटायचा नाही."

रीत ती रीत! आत तिघंही ताठ बसले.

हाताला आलं होतं ते नेमकं विषप्रयोगाचं. दिवाणजी दुधाचा पेला पुढे करतात, धनी हात लांबवतो, इथवर वाचलं आणि सगुणाईच्या ध्यानात आलं की अध्याय संपत आलाय. संपला की यांना झोपायला मोकळीक. जन्मात तिनं अध्याय अर्धा सोडला नव्हता. तिनं मनातल्या मनात देवाची माफी मागितली, पुस्तक मिटलं आणि ताऱ्यांचं उघडलं. धोंडूला ताऱ्यांचं भारी वेड, तो लगेच बोलता झाला. ताऱ्यांचा अध्याय संपत आला तशी तिनं दर्यावरची सफर काढली. जहाज वाळवंटाच्या काठाला लागलं, तेव्हा आत भिवा लोहाराच्या कपाळावर घाम फुटला, असं म्हणतात. मग लढाई, मग मूळव्याध, मग मधमाश्या. एकही अध्याय पुरा केला नाही. एका पुस्तकाचं हे काम नव्हतं हो. ज्यानं एकाला जाग येते त्यानं दुसऱ्याला जांभई येते.

मधमाश्यांची राणी पोळ्याबाहेर पडत होती, एवढ्यात फटीतून खुद्द पाटलांचा आवाज आला. "सगुणे, माश्या राहू देत. धनी ते दूध प्याला का नाही, ते सांग!"

"बाहेर या, मग सांगते," सगुणाई म्हणाली.

गडी पहारी टेकून हसले. पाटलीणबाई तर रडत होत्या आणि हसतही होत्या.

उन्हं कलली तसा तिचा घसा पार बसला. तेव्हा रोज जांभळीखाली बसणाऱ्या बाया पुढे सरल्या. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण ऐकलेलं सगळं पाठ. एकीनं लढाई धरली, दुसरीनं औषधं, तिसरीनं समुद्र, आणि कुणीच शेवटापर्यंत जाऊ दिलं नाही. धोंड पहारीनं हललीच नाही, पुढचं ऐकायला ती आपणहून जराशी कलली, असं म्हणतात. तिघं बाहेर आले ते डोळे टक्क उघडे ठेवून. त्या दिवशी करंजघळीनं ढोल वाजवला तो पलीकडच्या खोऱ्यात ऐकू गेला.

पाटलांनी सगळ्यांदेखत सगुणाईचे पाय धरले. पाणपोई तुझीच, म्हणाले, आणि पुस्तकांना दगडी खोली मी बांधून देतो. आणि लगेच विचारलं, धनी दूध प्याला का? सगुणाईनं ती कादंबरीच त्यांच्या हातात ठेवली. "वाचा," एवढंच म्हणाली. पांढऱ्या मिशांचे पाटील मग धुळाक्षरं गिरवायला बसले. लोक हसले, पण ते हटले नाहीत. एके दिवशी जांभळीखाली, भरल्या गावात, अक्षराला अक्षर लावत त्यांनी तो अध्याय पुरा केला, आणि नारळ स्वतःच्या हातानं फोडला.

अजूनही जत्रेच्या आदल्या दिवशी करंजघळीची माणसं त्या धोंडीपाशी जमतात. प्रत्येकानं एक पुस्तक आणायचं, शेजाऱ्यानं आणलंय त्या तऱ्हेचं सोडून कुठलंही. सगुणाईचं नाव घ्यायचं आणि फटीपाशी बसून वाचायचं. ऐकणाऱ्यांचा जीव टांगणीला लागला की तिथंच थांबायचं, आणि पुढे काय झालं असं जो पहिल्यांदा विचारेल त्याच्या हातात ते पुस्तक द्यायचं. त्या दिवशी डोंगरावरून रिकाम्या हातानं कुणी खाली उतरत नाही.