काळी नळी आणि तापलेला तवा

माळावरच्या एका लहानशा गावात अनुजा नावाची एक आई राहत होती. तिच्याआधी तिची काळजी उठायची आणि तिच्यानंतर झोपायची. लेक मनवा शिंकली की अनुजा कपाळ बघे, आणि नाही शिंकली की नाक बघे.

मनवाला मधूनमधून दमा लागे. मग वाफेचं मशीन लावायचं, औषधाची वाफ नाकातोंडात गेली की तिची छाती मोकळी होई. एका दुपारी मनवा खोकू लागली, छातीत शीळ वाजू लागली. अनुजानं मशीनचं बटण दाबलं, तर मशीन गप्प. पाहते तो उंदरानं अ‍ॅडाप्टरची वायर मधोमध कुरतडलेली! दवाखाना तालुक्याला, आणि एसटी संध्याकाळची. नवरा ट्रक घेऊन परमुलखात गेलेला.

त्याच्या हत्यारांच्या पेटीत चिकटपट्टीचं रिकामं भेंडोळं होतं, आणि काळ्या नळीचे दोन तुकडे. उष्णता लागली की ही नळी आकसते आणि तारेच्या जोडावर घट्ट बसते, मग उघड्या तारा एकमेकींना टेकत नाहीत. वायरमन तिला स्लीव्ह म्हणतात. कॉलेजात विजेच्या पेपरात अनुजाला पैकीच्या पैकी गुण होते. वायर मात्र तिनं आजवर फक्त पुसली होती.

तिनं प्लग काढला. तारा सोलल्या, लाल लालला, काळी काळीला, छान पीळ दिला. मग नळी घालायला गेली आणि मटकन खाली बसली. नळी आधी ओवायची असते! आता एकीकडे अ‍ॅडाप्टर, दुसरीकडे मशीनची पिन, नळी शिरणार कुठून?

"शाब्बास, अनुजाबाई," ती स्वतःलाच म्हणाली आणि पीळ सोडवू लागली.

एवढ्यात खोकला ऐकून शेजारच्या जुलेखाचाची आल्या. काही न विचारता त्यांनी मनवाला भिंतीला टेकवून बसवलं आणि शेगडीवर तवा चढवला.

इकडे अनुजानं पहिली नळी ओवली, पीळ पुन्हा दिला, मेणबत्ती पेटवली आणि जोड थेट ज्योतीत धरला. लवकर व्हायला हवं होतं ना! नळी फुगली, काळवंडली आणि चर्रकन फाटली. घरभर जळका वास.

आता एकच तुकडा उरला. तिनं त्याचे दोन केले. आखूड होते, पण पुरले असते. आता चुकायला मात्र जागा नव्हती.

मागे चाचींनी तव्यावर फडकं शेकवलं होतं. त्या ते मनवाच्या छातीवर ठेवणार, तोच अनुजा ओरडली, "चाची, भाजेल हो तिला!"

"अगं, आधी माझ्या गालाला विचारते, मग तिच्या छातीला," चाची म्हणाल्या. त्यांनी फडकं गालाला लावलं, जरा हवेत धरलं, पुन्हा लावलं. मग हळूच मनवाच्या छातीवर टेकवलं, आणि तिथंच न ठेवता फिरवत राहिल्या.

अनुजा बघत राहिली. हातातल्या जोडाकडे पाहिलं, विझलेल्या मेणबत्तीकडे पाहिलं. मग उठून तव्यापाशी गेली. जोड सोडवले, नळ्या आधी ओवल्या, पुन्हा पीळ दिले, नळ्या जोडांवर सरकवल्या आणि वायर तव्यापासून जरा वर धरली. टेकवली नाही. बोटांमध्ये फिरवत राहिली. सगळ्या बाजूंनी सारखी ऊब लागू दिली. घाई होती, तरी घाई केली नाही.

नळी हळूहळू आकसली, आणि बाळाच्या डोक्याला टोपडं बसावं तशी तारेला जाऊन बसली. मग दुसरीही.

मशीन घुर्रर्र करू लागलं. थोड्या वेळानं मनवाच्या छातीतली शीळ थांबली, आणि तिनं खायला मागितलं. अनुजाला त्या क्षणी त्याहून गोड मागणं ठाऊक नव्हतं.

"चाची, आज तुम्ही नसता तर..." अनुजा म्हणाली.

"तर तूच केलं असतंस. थोडं जास्त जाळून!" चाची हसल्या. अनुजाही डोळे पुसत हसली, आणि वाकून तिनं त्यांचे हात आपल्या कपाळाला लावले.

संध्याकाळच्या एसटीनं दोघी मनवाला डॉक्टरांना दाखवून आल्या. येताना नवी वायरही आणली.

चार दिवसांनी मनवा अंगणात खेळायला धावली. अनुजा सवयीनं कानटोपी घेऊन मागे पळाली, आणि उंबऱ्यावर थबकली. ऊन लख्ख होतं. तिनं कानटोपी आधी स्वतःच्या गालाला लावली, मग हसून खुंटीला अडकवली. पलीकडच्या ओट्यावर चाची भाजी निवडत होत्या. अनुजा चहाचे दोन कप घेऊन त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

तात्पर्य: ज्याला जपायचं, त्याला ऊब द्यावी, जाळ देऊ नये. आणि हे ज्याच्या हातांकडे पाहून कळलं, त्या हातांना विसरू नये.