दवंडी खालवाडीपासून

आमच्या पिंपळकोंड गावाच्या खाली ओढ्याकाठी एक मोकळं रान आहे. तिथे घर नाही, झोपडी नाही, एक काळा दगडी उंबरा तेवढा गवतात पडलेला आहे. आत्ता तुम्ही पाहिलंत ना, ग्रामपंचायतीची भोंगा लावलेली रिक्षा त्या उंबऱ्यासमोर उभी राहिली. पोलिओचा डोस कुठे मिळणार, रेशनचा तांदूळ आला, उद्या दिवसभर लाईट नाही, हे सगळं तिने गवताला ऐकवलं आणि मग ती वर गावात गेली. तुम्ही हसलात. हसा, बाहेरचे सगळेच हसतात. आमच्यातलं कुणी हसत नाही, म्हणून सांगतो.

पूर्वी इथे खालवाडी नावाची वस्ती होती, असं सांगतात. गाडगी घडवणारी, शेळ्या राखणारी, मोलमजुरी करणारी माणसं. बाजार असो, रोगाची साथ असो की सरकारी फर्मान, गावाला कळायचं ते दवंडीनेच. त्या दवंडीला क्रम होता, आणि तो मानाचा होता. हलगीवरची पहिली थाप पाटलाच्या दारात. पाटलाने बाहेर येऊन बातमी ऐकायची, मान हलवायची, मगच हलगी पुढे सरकायची. नंतर देऊळ, चावडी, वरची आळी, मधली आळी. खालवाडी सगळ्यांत शेवटी. पाटलाच्या आधी दुसऱ्या कुणाच्या कानावर बातमी गेली तर गावाची अब्रू जाते, असं तेव्हाच्या शहाण्यासुरत्या माणसांना वाटायचं. आता काय बोलावं!

दवंडी द्यायचा येसबा. त्याचा आवाज ऐकून ओढ्यापलीकडची गुरं चरायची थांबायची, म्हणे. त्याच्या बापाने एकदा आग लागली तेव्हा क्रम मोडून आधी जळत्या घराशेजारी हाळी दिली होती, तर गावाने त्याची हलगी फोडून त्याला वेशीबाहेर काढलं होतं. येसबा ते विसरला नव्हता. त्याची एकुलती लेक भागू खालवाडीत दिलेली. सगळं गाव फिरून तो तिच्या दारात पोचायचा, तेव्हा उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा ठेवलेला असायचा. शेवटची वस्ती म्हणून खालवाडीला कमीपणा होता, पण बापलेकीला त्यातही सुख होतं.

एका वर्षी पावसाने झड लावली ती उघडेचना. एकदाची सकाळी उघडीप झाली, तोच ओढ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या तळ्याचा राखणदार धावत येसबाकडे आला.

"बांध झिरपाय लागलाय. दुपारपतुर टिकत न्हाई. माणसं उंचावर काढ," एवढं बोलून तो बांधावर माती टाकायला तसाच मागे पळाला. तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

येसबाने कातडं ताठ करायला हलगी विस्तवावर शेकलीसुद्धा नाही. पाटलाच्या दारात गेला. पाटील पूजेला बसला होता आणि दारात त्याची आई उभी होती.

"थांब, पूजा चाललीया."

"बातमी लई मोठी हाय, आईसाब."

"देवापरीस मोठी हाय व्हय?"

पाटलाच्या ओट्यावरून खालवाडीची घरं दिसायची. येसबा तसाच उतारावरून पळत सुटला असता तर पोचला असता. पण तो हलगी धरून उभा राहिला. त्याला दोष देणारे पुष्कळ आहेत. मी देत नाही. मला राग येतो तो त्या वेळी जे तिथून आले-गेले, ज्यांनी त्याचा चेहरा पाहिला आणि काय झालं म्हणून विचारलं नाही, त्यांचा.

आरती झाली, प्रसाद झाला. पाटील बाहेर आला, बातमी ऐकली आणि पांढराफटक पडला. तरीही 'आधी खाली जा' म्हणायचं त्यालाही सुचलं नाही. हलगी देवळापाशी वाजली, चावडीपाशी वाजली, वरच्या आळीत वाजली. लोक पोरंबाळं आणि गुरं घेऊन टेकाडाकडे निघाले. येसबा मधल्या आळीत होता तेव्हा बांध फुटल्याचा आवाज आला.

यातलं सगळ्यांत वाईट तर पुढेच आहे. खालवाडीला हलगी ऐकू येत होती. शब्द नव्हते कळत, पण थाप कळत होती. सरपणाला टेकडीवर निघालेली एक म्हातारी तेवढी त्या वस्तीतून वाचली, तिनेच हे सांगितलं म्हणे. जाता जाता तिने भागूला विचारलं होतं, "काय असंल गं?"

"बा येतुयाच की खाली," भागू म्हणाली. "आपली पाळी आली की कळंल." आणि तिने तांब्या भरून उंबऱ्यावर ठेवला.

पाणी ओसरल्यावर तो उंबरा उरला.

पुढे गावात काही सांगायची वेळ आली, तेव्हा पाटलाच्या दारात हलगी वाजेना. कातडं शेकलं, बदललं, तरी मुकी ती मुकीच. येसबा ती घेऊन खाली आला. उंबऱ्यासमोर त्याने नुसती बोटं टेकवली आणि ती अशी कडाडली, की वरचं सगळं गाव घराबाहेर आलं. तुम्हाला पटो न पटो, आम्ही असंच ऐकत आलो आहोत. मग तो वर चढत गेला. मधली आळी, वरची आळी, चावडी, देऊळ. पाटलाचं घर सगळ्यांत शेवटी. तिथे पाटलाच्या आईने स्वतःच्या हाताने तांब्या आणून उंबऱ्यावर ठेवला आणि म्हणाली, "ह्या घराला हितनं पुढं बातमी शेवटालाच."

येसबाने तांब्या उचलला. "शेवटच्या घरचं पानी माजी लेक देत हुती, आईसाब," असं म्हणून त्याने ते तिच्या उंबऱ्यावर ओतलं.

आता मोबाईलवर निरोप आधीच येतात, सगळ्यांना सगळं कळलेलं असतं. तरी आजही दवंडी खालवाडीपासूनच निघते आणि पाटलांच्या दारात संपते. भोंग्याचा आवाज जवळ आला की त्यांची सून तांब्या भरून उंबऱ्यावर ठेवते. रिक्षावाला उन्हातून ओरडून आलेला असतो, घसा कोरडा पडलेला असतो. तो खाली उतरतो, तांब्या उचलतो, आणि एक घोटही न पिता सगळं पाणी उंबऱ्यावर ओततो.