दाईने मोडलेली घरं

फार फार वर्षांपूर्वी, कुठल्याशा रानात, हिरड्याच्या ढोलीत मधमाश्यांचं एक भरलेलं मोहोळ होतं. राणी मोठी कर्तबगार. तिच्यामुळेच मोहोळ वाढलं, हे कुणीही कबूल केलं असतं.

तिथं एक दाई होती. अळ्यांना भरवायचं तिचं काम. आता बरं का, राणी काही आभाळातून पडत नाही. असते साधीच अळी. तीन दिवसांची व्हायच्या आत तिला मोठं घर बांधून द्यायचं, खास दूध पाजायचं, की तिचीच राणी होते. तीन दिवस उलटले की मग काहीही करा, ती कामकरी माशीच.

एका फुलोऱ्यात दाईने असं घर बांधलं. राणी तरातरा आली.

"हे कुणासाठी गं?"

"तुमच्या मागं कुणीतरी असावं ना, सरकार."

"मागं? मी काय मेले? मोड ते. पुढच्या फुलोऱ्याला बघू."

दाईने स्वतः बांधलेलं घर स्वतःच्याच तोंडाने कुरतडलं.

पुढच्या फुलोऱ्याला राणी म्हणाली, "दिवस वाईट आहेत. अशात नवखी काय करणार?" त्याच्या पुढच्याला म्हणाली, "पोरींना अजून समज कुठाय?" भोवतीच्या म्हाताऱ्या माश्या लगेच माना डोलवत. घरं मोडून मोडून दाईचे जबडे दुखू लागले.

"आक्का, आम्ही जन्मभर पंखांनी वाराच घालायचा का गं?" तरण्या माश्या विचारत.

"घाला बायांनो," दाई म्हणे. दुसरं काय म्हणणार बिचारी?

मग राणीची अंडी आटत चालली. एके सकाळी दाई तिच्यापुढं उभी राहिली. "सरकार, कालच अंड्यातून निघालेल्या चार अळ्या आहेत. त्यांच्यामागं आता एकही अंडं नाही. आज तरी बांधू?"

"उद्या सांगते."

तो उद्या चार दिवसांनी उजाडला. राणीला धड चालवत नव्हतं. "बांध गं," ती म्हणाली. "चांगलं मोठं बांध. थकले मी."

दाई घरोघर डोकावून आली. "बांधते, सरकार. पण ठेवू कुणाला?"

"त्या चौघी होत्या ना?"

"मोठ्या झाल्या त्या. आता वाराच घालतील."

राणी म्हणाली, "हे मला आधी कुणी सांगितलं का नाही?"



आठवडाभरात राणी गेली. ज्यांच्या पंखांत बळ होतं त्या पलीकडच्या मोहोळांत निघून गेल्या. पोळं मधाने भरलेलं होतं, ते मुंग्यांनी खाल्लं. दाई शेवटपर्यंत त्यांना हाकलत राहिली, एकटीच.

तात्पर्य : पुढारी वेळ असताना घडवावा लागतो, गरज पडल्यावर शोधून तो सापडत नाही.