टोपी फळीवर ठेवली

ऐका. मांडी घाला. चुळबुळ केली तर मी गप्प बसेन.

एक होती चिचुंद्री. तिचं नाव भिंगी. केवढीशी? अंगठ्याएवढी. चालायची तुरुतुरु, बोलायची चुंईं चुंईं.

भिंगीचं होतं दुकान. चपलेच्या खोक्यात. दुकानात सगळं जुनं. नवं काही नाही. नव्याला काय सोनं लागलंय?

दुकानाचा नियम सोपा. नको ते फळीवर ठेवा. फळीवरचं हवं ते न्या. बटण आलं, मुंगीनं ताट म्हणून नेलं. मोडका चमचा आला, सरड्यानं झोपाळा म्हणून नेला. दुकान धो धो चालायचं.

भिंगीची एक लाल टोपी होती. एरवी भिंगीच्या डोक्यावर, निजायच्या वेळी तिच्या बाळाचं अंथरूण.

एक दिवस भिंगीला उकडलं. तिनं टोपी काढली. ठेवली कुठे? फळीवर. वेडी कुठली.

टुण्णुक. बेडूक आला. त्यानं शंख ठेवला, टोपी नेली. टुण्णुक टुण्णुक.

बाळानं भोकाड पसरलं. चुंईंऽऽ. टोपी नाही तर झोप नाही.

भिंगी निघाली तुरुतुरु. बेडकाकडे गेली.

"बेडूकदादा, बेडूकदादा, टोपी दे. टोपीत निजेल बाळ."

बेडूक म्हणाला, "नियम तुझाच. फळीवरची टोपी, मी नेली. माझं डोकं उन्हात भाजतं. छत्री आण, मग टोपी."

खरंच होतं त्याचं.

भिंगी निघाली तुरुतुरु. शेळीकडे गेली.

"शेळीकाकू, शेळीकाकू, छत्री दे. छत्री बेडकाला. बेडूक देईल टोपी. टोपीत निजेल बाळ."

शेळी म्हणाली, "छत्रीच्या दांड्यानं मी पाठ खाजवते. कंगवा आण, मग छत्री."

भिंगी निघाली तुरुतुरु. कोंबड्याकडे गेली.

"कोंबडेराव, कोंबडेराव, कंगवा द्या. कंगवा शेळीला. शेळी देईल छत्री. छत्री बेडकाला. बेडूक देईल टोपी. टोपीत निजेल बाळ."

कोंबडा लाजला. त्याला पहाटे जागच येत नव्हती. आळशी मेला. कंगवा अंगाखाली घेऊन झोपायचा. टोचला की उठायचा.

कोंबडा म्हणाला, "कुणाला सांगू नकोस. घंटा आण, मग कंगवा."

भिंगी निघाली तुरुतुरु. म्हशीकडे गेली.

"म्हैसआजी, म्हैसआजी, घंटा दे. घंटा कोंबड्याला. कोंबडा देईल कंगवा. कंगवा शेळीला. शेळी देईल छत्री. छत्री बेडकाला. बेडूक देईल टोपी. टोपीत निजेल बाळ."

म्हैस म्हणाली, "घंटा वाजते, माश्या पळतात. केरसुणी आण, मग घंटा."

भिंगी निघाली तुरुतुरु. पाय दुखले. तरी तुरुतुरु.

वाटेत गाढव. गोल गोल फिरतंय. गर गर गर. त्याच्या शेपटीला कुणीतरी केरसुणी बांधलेली. असली कामं कोण करतं, मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे.

"गाढवभाऊ, गाढवभाऊ, केरसुणी दे. केरसुणी म्हशीला. म्हैस देईल घंटा. घंटा कोंबड्याला. कोंबडा देईल कंगवा. कंगवा शेळीला. शेळी देईल छत्री. छत्री बेडकाला. बेडूक देईल टोपी. टोपीत निजेल बाळ."

गाढव थांबलं. म्हणालं, "ने बाई, ने. मला नकोच आहे. पण सोडव आधी."

भिंगी शेपटीवर चढली. दातांनी दोरी कुरतडली. कुर्रर्र कुर्रर्र. तुटली. गाढव उधळलं. ढँचू ढँचू ढँचू.

आता बघा गंमत.

केरसुणी म्हशीला. म्हशीनं ती शेपटीत धरली. सट सट. माश्या गायब. म्हशीनं दिली घंटा.

घंटा घरंगळली. टणाण टणाण टणाण. मागे भिंगी तुरुतुरु. घंटा कोंबड्याला. कोंबडा इतका खूश की भर दुपारी ओरडला. कुकूचकू. कोंबड्यानं दिला कंगवा.

कंगवा शेळीला. खरर खरर. शेळीचे डोळेच मिटले. शेळीनं दिली छत्री.

भिंगीनं छत्री उघडली. आला वारा. छत्री उडाली. दांड्याला भिंगी लटकली. भुर्रर्रर्र. खाली शेळी, खाली कोंबडा, खाली म्हैस, वर भिंगी. चुंईंऽऽ चुंईंऽऽ.

धप्प. पडली कुठे? बेडकाच्या पोटावर. बेडूक म्हणाला, डराव.

छत्री बेडकाला. बेडूक बसला सावलीत, राजासारखा. त्यानं दिली टोपी.

भिंगी घरी आली. बाळ अजून रडत होतं. तिनं बाळाला उचललं. टोपीत घातलं. टोपी डोक्यावर घातली, बाळासकट.

रडणं थांबलं. गप्प. एकदम गप्प.

तेवढ्यात एक जाडी घूस आली. तिला लाल टोपी फार आवडली. हीच हवी म्हणाली.

भिंगी म्हणाली, "हळू बोला. ती डोक्यावर आहे, फळीवर नाही. आत बाळ निजलंय."

गोष्ट शिरली टोपीत, पोरांनो शिरा खोपीत.